डिफरेन्शियलचा व्हायवा चिखलात घ्या!

'डिफरेन्शियल म्हणजे काय?' हे मेकॅनिकलच्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, उत्तर पाठ आहे. मीही व्हायवात ते घडाघडा बोललो. त्याच पावसाळ्यात मेहकरजवळ आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टर फसला. मागचं एक चाक गरगर फिरतंय, दुसरं ढिम्म. मी आपला रेस देतोय आणि चाक अजून खाली!

बाबा म्हणाले, "उतर खाली. असं निंघते काय बाप्पा?" त्यांनी चाक थांबू दिलं, टाचेजवळचं लॉकचं पेडल दाबलं आणि हळूच क्लच सोडला. दोन्ही चाकं बरोबर फिरली, ट्रॅक्टर सरळ बाहेर. वळायच्या आधी पाय काढला, नाहीतर गिअरवर ताण येतो.

कधी ते लॉकऐवजी फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलका दाबतात. मग जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. बर्फात चालणाऱ्या गाड्यांचं ट्रॅक्शन कंट्रोल सेन्सर लावून हेच तर करतं! त्यातल्या काहींना पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्येही एक डिफरेन्शियल आणि त्याचं लॉक असतं, एवढंच. पकड मात्र यातलं काहीच निर्माण करत नाही. चारही चाकांखाली निसरडं असेल तर चारही फिरतील.

आपल्या वर्कशॉपमध्ये कापलेलं मॉडेल आहे, छान रंगवलेलं. पण सर, जुलैत एक दुपार भाड्याचा ट्रॅक्टर आणा, शेत मी देतो. सबमिशनची एक फाईल कमी करा हवं तर. बूट खराब होतील, हॉस्टेलच्या मावशी ओरडतील, ते आम्ही बघून घेऊ.