रंग उडाला म्हणून हिरो रिटायर होत नाही

तुमच्याही कपाटात, बुटांच्या खोक्यात नाहीतर माळ्यावरच्या पिशवीत एक तरी ॲक्शन फिगर पडलेली असेल. नाकाचं टोक घासून पांढरं पडलंय, एका डोळ्याची बाहुली गायब, छातीवरचं चिन्ह अर्धवट. टाकवत तर नाही आणि शेल्फवर मांडायची लाज वाटते. मग आपण काय करतो? मोबाइल काढतो आणि नवी शोधतो. हप्त्यांची सोय असतेच! आमचं म्हणणं एवढंच, की ऑर्डर टाकण्याआधी जुन्या फिगरवर एकदा ब्रश चालवून बघा.

‘पण कंपनीच्या रंगाला हात कसा लावायचा?’ हा प्रश्न येणारच. जरा इतिहास बघू. १९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने अमेरिकेत ‘जी. आय. जो’ बाजारात आणला. मुलगे बाहुल्या विकत घेणार नाहीत, या धास्तीने त्याला ‘डॉल’ न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ म्हटलं गेलं. तेव्हापासून या धंद्याची एक युक्ती ठरलेली आहे. साचा तोच ठेवायचा, रंग बदलायचा, की झालं नवं पात्र तयार! आपल्याकडे फनस्कूलने काढलेल्या जी. आय. जोंचे रंगही कित्येकदा अमेरिकेतल्या फिगरपेक्षा वेगळे असायचे आणि नेमक्या त्याच वेगळेपणामुळे आज परदेशातले संग्राहक त्या शोधत असतात. म्हणजे रंग बदलणं हे काही पाप नाही. कंपन्या तेच करत आल्यात.

आणि आपल्याला तरी हे कुठे नवीन आहे? दिवाळीच्या किल्ल्यावर गेल्या वर्षीचे मावळे मांडताना फिकट झालेल्या फेट्यावर पोस्टर कलरचा हात अनेकांनी फिरवलाय. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला सगळ्यात सराईत हात लागतो, कारण रेघ केसभर सरकली तरी चेहऱ्याचा भाव बदलतो. सहा इंचांच्या फिगरलाही हाच नियम लागू आहे.

मग सुरुवात कुठून करायची? साबणापासून. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाका, जुन्या टूथब्रशने फिगर घासा आणि पूर्ण वाळू द्या. हाताचा तेलकटपणा राहिला, तर वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. त्यानंतर ठरवा, की खरंच बिघडलंय काय? सगळी फिगर रंगवायची गरज क्वचितच असते. बऱ्याचदा नाक, पट्टा आणि बुटाची कड एवढ्यात काम भागतं.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक घ्या. मूळ छटेशी जुळवताना दिवसाच्या उजेडात बसा, ट्यूबलाइट फसवते. मिश्रणाचा ठिपका आधी तळपायावर लावून वाळू द्या, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो. रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या. जाड थरात शिल्पातल्या बारीक सुरकुत्या बुजतात आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. डोळ्यासाठी आधी पांढरा रंग, मग टूथपिकच्या टोकाने बाहुली. ती वरच्या पापणीला टेकलेली हवी. मधोमध सुटी राहिली, की तुमचा हिरो भूत बघितल्यासारखा दिसेल!

काही गोष्टी मात्र करू नका. नेलपेंट रिमूव्हरने जुना रंग काढायला जाऊ नका. त्यातलं ॲसिटोन रंगाबरोबर प्लास्टिकही खातं. मऊ पीव्हीसीच्या फिगरवर ऑइल पेंट किंवा कुठलाही स्प्रे मारू नका, काही रंग त्यावर महिनोन् महिने चिकट राहतात. हलणाऱ्या सांध्यांवर थर चढवलात, तर तो पहिल्याच वळणाला खरवडला जाणार. आणि ऐन पावसाळ्यात स्प्रे वार्निश नकोच. हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढरट साय धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तब्येतीचंही बघायला हवं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंटचा डबा घरात कुठे पडला असेल, तर तो या कामाला वापरू नका. जुना रंग घासायचाच असेल, तर पॉलिश पेपर ओला करून घासा आणि मास्क लावा. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय असेल, तर आजच सोडा. आणि घरी रंगवलेली फिगर तोंडात घालणाऱ्या चिमुरड्यांच्या हाती देऊ नका.

आता जरा नाजूक मुद्दा. जुन्या फिगरचा सेकंडहँड बाजार चांगलाच तापलाय आणि तिथे ‘ओरिजिनल’ या शब्दाला पैसे मिळतात. म्हणूनच टचअप केलेली फिगर ‘एकदम कोरी’ म्हणून खपवायचा मोह होतो. तुमचा हात जितका सफाईदार, तितका हा मोह मोठा. विकताना ‘रिपेंट’ असं स्पष्ट लिहा, कुठे हात लावलाय त्याचे फोटो टाका. पलीकडे तुमच्यासारखंच कुणीतरी पॉकेटमनी साठवून ती घेत असतं. आणि हातात खरंच दुर्मीळ फिगर आली, तर ब्रश खाली ठेवा. मूळ रंग एकदा झाकला किंवा काढला, की परत येत नाही. शंका वाटली तर नुसती धुवा आणि मांडा.

बाकीच्यांसाठी मात्र घाबरायचं कारण नाही. रिपेंटचे व्हिडिओ बघत रात्र काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत, ब्रश उचलणारे थोडे. कारण काय, तर आपली पहिली फिगर त्या व्हिडिओसारखी होणार नाही, ही भीती. नाहीच होणार! म्हणून पहिली फिगर सगळ्यात स्वस्त, सगळ्यात खराब निवडा. ॲक्रिलिक ओला असेपर्यंत ओल्या कापडाने पुसता येतो, त्यामुळे चुकलं तर पुन्हा करा. कंपनीने एकाच साच्यातून तशा हजारो काढल्या असतील, पण तुम्ही डोळे काढलेली एकच असेल. या रविवारी ते बुटांचं खोकं खाली काढा की!