सात माणसांची खोली

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तोच पन्नाशीला आला आहे. म्हणाला, "सर, तुम्ही नातवंडांना घेऊन इमॅजिकाला जाऊन आलात ना? आम्हालाही जायचंय. आई-वडील, मुलं, बहिणीची मुलं, सगळे मिळून आठ जण. जवळपास परवडेल असं राहायला काही आहे का हो?"

मी त्याला दोन-चार गोष्टी सांगितल्या आणि फोन ठेवला. पण जे सांगितले त्यापेक्षा न सांगितलेलेच जास्त होते. ते मनात घोळत राहिले, म्हणून आज लिहायला बसलो.

आमची सहल २०२३ च्या डिसेंबरातली. घरात आम्ही सात माणसे. मी, सौ., मुलगा, सून, तेरा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू आणि माझी थोरली बहीण, आक्का. आक्काचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. नातू वर्षभर इमॅजिकाचा धोशा लावून बसला होता. वर्गातली निम्मी मुले जाऊन आलेली, त्यामुळे त्याचेही बरोबरच होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इमॅजिका हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरून जावे लागते. २०१३ साली ते सुरू झाले, पुढच्या वर्षी शेजारी पाण्याचे उद्यान झाले. मोठमोठे पाळणे, अंधाऱ्या गुहा, पाण्यातून धावणाऱ्या होड्या असे सगळे तिथे आहे. आवारातच एक मोठे तारांकित हॉटेलही आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला एका दिवसात जाऊन येता येते, पण म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असली की जाणे-येणे आणि दिवसभराची पायपीट एकाच दिवशी झेपत नाही. एक-दोन रात्री जवळ राहावे लागते. आणि तिथेच गणित बिघडते.

सुनेने संगणकावर शोधायला सुरुवात केली. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो. पहिल्याच पानावर प्रश्न आला : प्रौढ किती, मुले किती, खोल्या किती? आम्ही पाच प्रौढ, दोन मुले असे भरले. उत्तर आले, तीन खोल्या. कारण एका खोलीत दोन प्रौढ आणि एक लहान मूल. तिसरे माणूस असेल तर जादा गादीचे पैसे वेगळे, आणि मूल ठरावीक वयाच्या पुढचे असले की तेही प्रौढच! आमची तेरा वर्षांची नात घरात अजून बाहुल्या सांभाळते, पण हॉटेलच्या हिशेबात ती मोठी बाई झालेली होती. तीन खोल्या, दोन रात्री, वर कर, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे आकडा जात होता. उद्यानाची तिकिटे, गाडीभाडे, जेवणखाण वेगळेच. सुनेने एका कागदावर बेरीज मांडली, खोडली, पुन्हा मांडली.

दोन दिवसांनी जेवताना आक्का सहज म्हणाली, "अरे, मी काही येत नाही. ते पाळणे बघूनच मला गरगरतं. मी घर राखते, तुम्ही जाऊन या."

आम्ही सगळ्यांनी थोडा आग्रह केला. खरे सांगायचे तर थोडाच केला. नातू मात्र हटून बसला, "आक्काआजी का नाही येणार? ती पाळण्यात नाही बसणार, पण बघेल ना!"

त्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा तो बेरजेचा कागद फ्रीजवर चुंबकाखाली लावलेला दिसला. वर '७ माणसे, ३ खोल्या' असे लिहून त्यावर काट मारलेली होती. खाली लिहिले होते, '६ माणसे, २ खोल्या + १ गादी'. सुनेच्या मनात काही वाईट नव्हते. ती बिचारी नुसते पर्याय मांडत होती. पण आक्का रोज सकाळी दूध काढायला तोच फ्रीज उघडते.

वाचकहो, त्या कागदाने मला फार खजील केले. आक्काने सत्तरच्या दशकात स्वतःच्या शिलाईकामाच्या पैशांतून माझी बी.ए.ची फी भरली होती. आणि आज जादा गादीच्या हिशेबात ती जादा ठरली. सून दोषी नाही, मुलगा दोषी नाही. दोष आहे तो खोलीच्या मापात. आमची कुटुंबे ज्या मापाची आहेत त्या मापाच्या खोल्या कोणी बांधतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटले, "संगणक बाजूला ठेव. मी माझ्या पद्धतीने बघतो."

माझी पद्धत म्हणजे मास्तरांची. पस्तीस वर्षे शाळेच्या सहली नेल्या. चाळीस मुले आणि एस.टी.ची गाडी घेऊन निघायचे. राहायचे कुठे? एखाद्या गावच्या शाळेत, देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाल्यावर तिथेही मुले नेली, पण मुक्कामाला दादरला एका ओळखीच्या शाळेचे वर्ग मिळाले होते. बाकडी सरकवली, सतरंज्या टाकल्या, झाले. 'एका खोलीत किती?' हा प्रश्नच नव्हता. जितके मावतील तितके!

इमॅजिकाच्या रस्त्याने तसेच पुढे गेले की पाली लागते. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वर तिथला. खोपोलीच्या जवळ महडचा वरदविनायकही आहेच. म्हणजे हे उद्यान दोन गणपतींच्या मधल्या वाटेवरच उभे आहे म्हणा ना. पालीला भक्तनिवास आहे. मी फोनवर फोन केले, शेवटी सातही जणांना एकत्र राहता येईल अशी सोय झाली. दोन रात्रींचे मिळून जे पैसे झाले ते हॉटेलातल्या एका खोलीच्या एका रात्रीपेक्षाही कमी होते.

खोली साधी. पलंग, जादा गाद्या, पंखा, स्वच्छ मोरी. टीव्ही नाही. रात्री लवकर दार बंद. गरम पाण्याची वेळ ठरलेली. सुनेला पहिल्यांदा जरा अवघड गेले, नाही असे नाही. पण रात्री दिवा मालवल्यावर नातू आणि आक्का यांच्या ज्या गप्पा रंगल्या त्या तीन वेगळ्या खोल्यांत रंगल्या नसत्या.

सकाळी दर्शन घेऊन आम्ही जीप ठरवून उद्यानात गेलो. मुले 'नायट्रो' नावाच्या त्या भयंकर गाडीत बसली, आम्ही खालून डोळे मिटले. आक्काला आम्ही 'आय फॉर इंडिया' नावाच्या खेळात नेले. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्या पडद्यावर आपला देश आकाशातून उडत पाहिल्यासारखा दिसतो. जन्मात विमानात न बसलेली माझी बहीण बाहेर आली ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढा मोठा आहे होय रे!"

इथवर गोष्ट गोड झाली. पण एक काटा राहिला, तोही सांगितला पाहिजे.

भक्तनिवासात नाव लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले होते, "दर्शनाला आलात ना?" मी अडखळलो. आक्का चटकन म्हणाली, "दोन्हीकडे आलोय. मुलांचा देव तिकडे आहे, आमचा इकडे." ते हसले आणि किल्ली दिली. पण प्रश्न रास्त होता. भक्तनिवास भाविकांच्या देणग्यांतून उभे राहते. लांबून एस.टी.ने आलेल्या एखाद्या गरीब यात्रेकरूसाठी ती खोली आहे. पाळण्यात बसायला आलेली आमच्यासारखी माणसे तिथे भरली, तर त्याने कुठे जायचे? आम्ही आमची अडचण सोडवली, ती दुसऱ्या कोणाच्या सोयीतून. हा मार्ग सगळ्यांनी धरावा असे मी म्हणू शकत नाही. म्हणूनच त्या विद्यार्थ्याला फोनवर पालीचे नाव सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

मग उपाय काय?

काही जण म्हणतील, उद्यान हा खासगी धंदा आहे, स्वस्त खोल्या देणे हे त्यांचे काम नाही. पण या धंद्याचे आद्यगुरू काय करतात ते पाहा. वॉल्ट डिस्नेने १९५५ साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड काढले तेव्हा त्याच्याकडे जागा थोडी होती. कुंपणाबाहेर दुसऱ्यांची मोटेले उगवली आणि त्या कमाईत त्याचा वाटा राहिला नाही. त्याचा धडा घेऊन फ्लोरिडात सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली गेली. १९७१ साली तिथले उद्यान उघडले तेव्हा महागड्या हॉटेलांबरोबर त्याच वर्षी तंबू ठोकून राहायचा तळही उघडला. पुढे १९९४ पासून मध्यमवर्गासाठी कमी दराची मोठी हॉटेले आवारातच बांधली. यात दानधर्म काही नव्हता. मुक्कामाला आलेले कुटुंब दोन दिवस जास्त राहते, जास्त खर्च करते, हा सरळ व्यापारी हिशेब. तो आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनाही कळायला हरकत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर शेगाव घ्या. गजानन महाराज संस्थानने आनंदसागर उभारले तेव्हा तिथे बाग होती, तळे होते, मुलांची आगगाडी होती. आणि राहायला संस्थानची भक्तनिवासे, स्वच्छ आणि स्वस्त. पोरांची मौज आणि गरिबाचा मुक्काम एकाच गावात नांदू शकतो हे तिथे लाखो लोकांनी पाहिले आहे.

सरकारचेही बघा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या तिकिटावर २८ टक्के कर होता, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आणला. चांगले केले. पण दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पूर्वी जो कर नव्हता तो जुलै २०२२ मध्ये १२ टक्के लावला. देवस्थानांच्या आवारातल्या स्वस्त खोल्या तेवढ्या वगळल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाच टक्क्यांवर आला, हे खरे. पण ज्या खोलीत राहणारा माणूस मुळातच काटकसर करून आलेला असतो, तिच्यावर कर कशाला, हे मला अजून समजलेले नाही.

मला वाटते ते असे. अशा मोठ्या उद्यानांनी आपल्या आवारात किंवा जवळ एक साधे 'कुटुंब निवास' बांधावे. सहा-आठ पलंगांच्या खोल्या, स्वच्छ मोऱ्या, डबा उघडून जेवता येईल अशी ओसरी. भाडे माणशी घ्यावे, खोलीमागे नको. नव्या उद्यानाला परवानगी देताना सरकारने ही अटच घालावी. आसपासच्या गावांतल्या घरांनाही यात ओढता येईल. राज्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. उद्यानाने आपल्या तिकिटखिडकीवर अशा घरांची यादी लावली तरी खोपोली-पाली पट्ट्यातल्या कितीतरी घरांत चार पैसे जातील. उद्यान त्यांच्या गावात आले, पण त्यातले पाळणे बहुतेक बाहेरच्यांसाठीच फिरतात.

तोवर ज्यांना जायचे आहे त्यांना या मास्तराचा सल्ला एवढाच. सुट्टीतले शनिवार-रविवार टाळा. संगणकावर भाव बघा, पण मग फोन उचला आणि माणसाशी बोला. खोलीचे भाडे विचारण्याआधी 'आम्ही इतके जण एकत्र राहू शकतो का?' हे विचारा. मुलांची वये आधी सांगून टाका. देवस्थानात राहिलात तर पावती फाडून थोडी देणगी द्या, म्हणजे कोणा यात्रेकरूचे ऋण थोडे तरी फिटेल.

आणि बेरीज मांडायची ती कागदावर मांडा, पण तो कागद फ्रीजवर लावू नका.

आमचा तो कागद मी त्याच रात्री काढून खिशात घातला होता. आक्काने मात्र तो पाहिला होता, हे मला परतीच्या वाटेवर कळले. जीपमध्ये नातू तिच्या मांडीवर झोपला होता. ती हळूच म्हणाली, "काय रे, सहाऐवजी सात झाले, तर शेवटी किती जास्त पडले?"

मी म्हटले, "काहीच नाही, आक्का."

असो.