रुईच्या गाठी आणि ‘फोर्ट स्टिकीन’

जळगाव-धुळ्याकडील आपल्या घराण्यांना रुईच्या गाठीचा स्वभाव सांगावा लागत नाही. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली की ज्वाळा दिसत नाही. ती आतल्या आत धुमसत राहते. वरून पाणी ओतले तरी ते आतवर पोहोचत नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात विडी-काडीला मज्जाव असतो तो यासाठीच. हे साधे ज्ञान ज्यांनी बाजूस सारले, त्यांच्यामुळे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईचे बंदर उद्ध्वस्त झाले.

‘फोर्ट स्टिकीन’ ही मालवाहू आगबोट १९४२ साली कॅनडात बांधली गेली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाली. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, शिवाय ८,९०,००० पौंड किमतीच्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत रुईच्या ८,७०० गाठी, वंगणतेल व इतर माल भरण्यात आला. पेटणारे आणि उडणारे सारेच एकत्र येत आहे, अशी कप्तानाची तक्रार होती. परंतु युद्धकाळात जहाजांची टंचाई होती. रिकामी जागा ठेवणे हाच गुन्हा वाटत असे. हिशेबाची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

१२ एप्रिलला बोट व्हिक्टोरिया गोदीत लागली. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा तांबडा बावटा तिच्यावर नव्हता. १४ तारखेस दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर दिसला. तेथे गाठी आणि स्फोटके एकाच ठिकाणी होती. ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. आगीचे मूळ मात्र दाट धुरात सापडेना. बोट खोल समुद्रात न्यावी की जागीच बुडवावी, या विचारात वेळ गेला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आठशेच्या आसपास माणसे मेली, असे अधिकृत आकडे सांगतात. इतर अंदाज त्याहून पुष्कळ मोठे आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशात १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही. कोणीतरी निष्काळजीपणे टाकलेली सिगारेट, हेच संभाव्य कारण मानले गेले. ज्याला आपण प्रमाद म्हणतो तो हाच. मात्र एकट्या सिगारेटवाल्याच्या माथी तो मारणे मला पटत नाही. गाठींवर दारूगोळा रचू देणारे हात अनेक होते.

गोदीलगतची धान्याची व मालाची गोदामे जळाली. नुकसानभरपाईसाठी सरकारला त्याच वर्षी स्वतंत्र वटहुकूम काढावा लागला. सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत पडली. त्यांनी ती सरकारजमा केली.