विश्लेषण : प्लास्टिकचा सॅक्सोफोन, गाडीच्या चाकांची झाकणे... हा जॅझ की नुसती कसरत?

पीव्हीसी पाइपवर वाजवलेले चित्रपटगीत, गाजराला भोके पाडून केलेली बासरी... असे व्हिडीओ रोज मोबाइलवर येतात आणि अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात निघूनही जातात. साहजिकच १९६०-७० च्या दशकांतल्या अमेरिकी प्रयोगशील जॅझमधली विचित्र वाद्ये पाहिली की तोही त्याच जातीचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात तो उलटा आहे. पाइपवाला आपल्या ओळखीचे गाणे पाइपकडून वाजवून घेतो. या जॅझवाल्यांनी हाती आलेल्या वाद्याला काय जमते ते ऐकले आणि संगीतच त्याप्रमाणे वळवले.

प्लास्टिकचा सॅक्सोफोन आला कुठून?

ऑर्नेट कोलमन यांनी १९५४ मध्ये पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेतला तो पैशांअभावी. पितळी वाद्य परवडत नव्हते. लंडनमध्ये बनणारे हे ‘ग्राफ्टन’ ॲक्रिलिकचे होते. ठिसूळ आणि दुरुस्तीला कटकटीचे. चार्ली पार्कर यांनीही १९५३ मध्ये टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये ते वाजवले होते. कोलमन यांना मात्र पुढे त्याचा कोरडा आवाजच आवडू लागला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात त्यांनी ठरलेल्या स्वरसंगतीची चौकट सोडून वादन केले, तेव्हा शहरातले जाणकार दोन गटांत विभागले गेले.

इथे अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला एक शंका येतेच. सॅक्सोफोनमध्ये कंप पावतो तो आतला हवेचा स्तंभ. नळीचा आकार महत्त्वाचा, भिंत पितळेची की प्लास्टिकची याने श्रोत्याला ऐकू येणारा फरक फार थोडा. मग कोलमन यांना जाणवला तो भास होता? मला तसे वाटत नाही. वाजवणाऱ्याच्या ओठांना, दातांना, बोटांना वाद्याचे वजन आणि कंप थेट कळतात आणि त्यानुसार तो फुंकर बदलतो. फरक वाद्यात थोडा, वाजवणाऱ्यात जास्त. म्हणजे शेवटी संगीतातच.

एका वेळी तीन सॅक्सोफोन कशासाठी?

‘ही सर्कस आहे’ हा आरोप सर्वाधिक झाला तो रोलंड कर्क यांच्यावर. लहानपणीच दृष्टी गेलेला हा कलावंत गळ्यात तीन वाद्ये अडकवून तिन्ही एकदम फुंकत असे. टेनर सॅक्सोफोनसोबत असत ‘स्ट्रिच’ आणि ‘मॅन्झेलो’. ही दोन्ही सॅक्सोफोनचीच जुनी, चलनातून गेलेली भावंडे. प्रत्येक वाद्य एका हाताने वाजावे म्हणून त्यांच्या कळांमध्ये कर्क यांनी फेरफार केले होते. शिवाय नाकाने फुंकायची बासरी, सायरन, शिट्ट्या. गालात साठवलेली हवा बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास आत घ्यायचा, ही सनईवादकांच्या परिचयाची युक्तीही त्यांना साधली होती, त्यामुळे सूर तुटत नसे.

आता डोळे मिटून ‘द इन्फ्लेटेड टिअर’ ऐका. डोळ्यांवरच्या त्या जुन्या आघाताची ही रचना. तीन वाद्यांचे सूर एकमेकांना घासत येतात. तीन वेगळे वादक हेच अधिक नीटनेटके वाजवतील, पण एकाच छातीतून, एकाच फुंकरीतून निघालेला तो ताण त्यांना आणता येणार नाही. १९७५ मध्ये पक्षाघाताने शरीराची एक बाजू गेल्यावर कर्क एका हाताने वाजवत राहिले, १९७७ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत. ज्या सोयीला ‘चमत्कृती’ म्हणून हिणवले गेले होते, तिच्यावरच त्यांची शेवटची दोन वर्षे तरली.

आणि चाकांची झाकणे?

शिकागोत १९६५ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांनी ‘एएसीएम’ ही संस्था काढली. सदस्यांनी स्वतःच्याच रचना सादर करायच्या, हा तिचा आग्रह. तिच्यातून पुढे आलेल्या ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’कडे सुरुवातीच्या काळात कायमचा ड्रमवादकच नव्हता. मग घंटा, शिट्ट्या, सायकलचे भोंगे असा पसारा मांडून सगळेच ताल धरू लागले. १९६९ मध्ये ही मंडळी पॅरिसला गेली तीही तो सगळा पसारा घेऊन. ही त्यांची ‘छोटी वाद्ये’. मोठ्या वाद्यांच्या मधल्या शांततेत ती किणकिणतात, तेव्हा ड्रम नसल्याची उणीव जाणवत नाही.

याच वर्तुळातल्या हेन्री थ्रेडगिल यांनी गाडीच्या चाकांवरची धातूची झाकणे चौकटीत टांगून ‘हबकाफोन’ बनवला. (आजच्या प्लास्टिकच्या झाकणांवर हे जमणार नाही.) जलतरंगात पाणी कमी-जास्त करून वाटी हव्या त्या स्वरावर आणता येते. झाकणाचे तसे नाही. त्यातून एका आघातात अनेक स्वर निघतात आणि ते पेटीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. पट्टीवर बेतलेली चाल त्यावर बेसूर वाटेल, म्हणून थ्रेडगिल यांच्या ‘एअर’ या त्रयीत हबकाफोन वाजतो तेव्हा त्याचे घुमणे हाच संगीताचा आशय होतो.

संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक कोलमन यांना २००७ मध्ये आणि थ्रेडगिल यांना २०१६ मध्ये मिळाले. कर्क यांना ऐकायचे असेल, तर पहिल्यांदा व्हिडीओ लावू नका. नुसता आवाज ऐका. वाद्ये किती आणि कोणती, हे नंतर पाहता येईल.