शाळांची तुलना कोणत्या मापाने करावी?

जून महिना जवळ आला, की पाचोऱ्याच्या बाजारात, स्टेशनावर आणि खेड्यांच्या पारावर एकच प्रश्न ऐकू येतो: पोरगं कोणत्या शाळेत घालायचं? सरकारी शाळा आहेत, संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत, फी घेणाऱ्या इंग्रजी शाळा आहेत. आईबापांनी त्यांची तुलना करावी, हे आम्हांस सर्वथैव मान्य आहे. ज्याच्या पणज्यास शाळेची पायरी चढणे दुरापास्त होते, त्या शेतकऱ्याने आज चार शाळांतून एक निवडावी, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु माप न ठरविता केलेली निवड म्हणजे पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेण्यासारखे आहे.

आज पहिले माप डोळ्यांचे आहे. टाय, बूट व दारी येणारी पिवळी बस पाहून कापूस विकलेल्या पैशातून फी भरली जाते. दुसरे माप निकालाचे. ते पहिल्याहून बरे, तथापि तेही फसवे आहे. ज्या शाळेत डॉक्टर, वकील, व्यापारी यांची मुले घरून अर्धा अभ्यास करून येतात, तिच्या निकालात शाळेचा वाटा किती व घराचा किती? उलट जेथे मूल आहिराणी किंवा तांड्यावरची गोरबोली घेऊन येते, वेचणीच्या दिवसांत शेतात राबते, किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला जाते, तेथील मास्तराने त्यास वाचते केले, तर त्याचे श्रम कोणत्या टक्केवारीत दिसणार?

अमेरिकेने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. 2002 सालच्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणिताची परीक्षा दरवर्षी घेऊन शाळावार निकाल प्रसिद्ध करणे तेथे भाग पडले. त्या देशात शाळांच्या खर्चाचा मोठा भाग घरादारांवरील स्थानिक करांतून येतो. सबब सुखवस्तू वस्तीची शाळा बहुधा वर व गरीब वस्तीची खाली दिसू लागली, आणि ऐपतदार लोक चांगल्या शाळेच्या हद्दीत घरे शोधू लागले. 2015 साली तो कायदा बदलला. त्यातील एक गोष्ट मात्र घेण्याजोगी होती: गरिबांच्या, काळ्या लोकांच्या, अपंग मुलांचे निकाल वेगळे काढून दाखवावे लागत. सरासरीच्या पांघरुणाखाली मागे पडलेले मूल झाकून ठेवता येत नसे.

आमच्या मते शाळा पाहावयास गेलेल्या आईबापांनी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, तिसरीतले मूल न पाहिलेले पान वाचते काय, व पाचवीतले भागाकार करते काय? 'प्रथम' ही संस्था 2005 पासून 'असर' या पाहणीत खेडोपाडी हेच साधे माप लावीत आली आहे. त्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. दुसरा, वर्गास मास्तर आहे काय? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीस तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला आहे, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज इतर कामास शिक्षक जुंपू नये, असेही सांगितले आहे. तिसरा, जे मूल मागे पडले, त्यास ही शाळा हात देते की त्याचा दाखला बापाच्या हाती देते?

या मापांस न उतरणारी सरकारी शाळा केवळ सरकारी म्हणून आम्ही वाखाणणार नाही. ज्या शिक्षकबंधूंना आपल्या शाळेत स्वतःचे मूल घालवत नाही, त्यांनी ती शाळा दुसऱ्याच्या मुलास पुरेशी का वाटते, याचे उत्तर गावास द्यावे. पण जे ऐपतदार मुकाट्याने मूल काढून नेतात, त्यांनीही पुढचे पाहावे. पट घटतो, म्हणून शिक्षकाचे पद जाते. पद जाते, म्हणून एका मास्तरावर तीन वर्ग पडतात. ते पाहून आणखी मुले जातात. मागे राहते ते मजुराचे मूल, आणि त्याच्यासाठी भांडावयास कोणी उरत नाही.

1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते, की सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्या वर्गांकडे. तेव्हा रयतेच्या हाती कायदा नव्हता. आज शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. पण कित्येक गावांत ही समिती सहीपुरतीच उरते.

सबब आमची मागणी एवढीच आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक शाळेने तीन आकडे फळ्यावर लिहावेत: किती मुले वाचतात, किती जागा रिकाम्या आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुले शाळा सोडून गेली. फी घेणाऱ्या शाळांनीही तेच आकडे आपल्या दारावर लावावेत. मग पाचोऱ्याच्या बापाने खुशाल तुलना करावी. आणि शेतकरी-कामकरी बंधुभगिनींनो, शाळा पसंत करण्यापूर्वी एकदा तिच्या वर्गात जा, शेवटच्या बाकावरच्या पोरास उभे करा, आणि त्यास चार ओळी वाचावयास सांगा. त्याचे वाचन ऐकून मगच फीचा किंवा बिनफीचा विचार करा.