मापातलं पाणी

सोयाबीन घरात आलं, कपाशीची पहिली वेचणी उरकली आणि तुमचा हा दिवाळी अंक छापखान्यातून बाहेर पडला. यंदाचा अख्खा अंक आरोग्याला दिला आहे. हा विषय ठरला संग्रामपूर तालुक्यातल्या एका ओसरीवर.

घरधनी साठीच्या आतबाहेरचे. डाव्या हाताची शीर मनगटापासून कोपरापर्यंत दोरखंडासारखी वर आलेली. त्यांनी माझी बोटं धरून तिच्यावर ठेवली, तर आत रक्ताची घरघर लागत होती. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शस्त्रक्रिया करून केलेली ती जोड. आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी, चार तास मशीन आणि दिवस मावळता घर. सोबतीला कधी मुलगा, कधी सून. म्हणजे त्या दिवशी दोघांची मजुरी बुडाली. समोर स्टीलचा एक लहानसा पेला होता. दिवसभराचं पाणी त्यांनी त्याच मापाने प्यायचं. माझ्यापुढे मात्र तांब्या भरून ठेवला. म्हणाले, “जलमभर खारं पानी पेलो, भाऊ. आता नळाले गोडं आलं, तं डाक्टर पेऊ देत नाई.”

घाटावरच्या वाचकांना खारपाणपट्टा ऐकून माहीत असतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अकोल्याकडून आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्यात येतो. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध घातलं की नासतं. वान धरणाचं पाणी बऱ्याच गावांत आलं, पण त्याआधी दोन पिढ्या बोअरवरच जगल्या. किडनीच्या आजाराचं सगळं खापर पाण्यावर फोडता येणार नाही. अंगदुखीसाठी दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या आहेत, कधी मोजलाच न गेलेला रक्तदाब आहे, साखर आहे. या गृहस्थांचा रक्तदाब पहिल्यांदा तपासला गेला तो पाय सुजल्यावर, आणि तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झालेल्या होत्या. रक्तदाबाची गोळी रुपया-दोन रुपयांची असते. किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणीही शेतमजुराच्या एका दिवसाच्या मजुरीत होते. ती दहा वर्षांपूर्वी गावात झाली असती, तर ही शीर अशी फुगवावी लागली नसती, असं मला राहून राहून वाटतं.

आता आरोग्य योजनेच्या कार्डाविषयी. त्यांचं डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून फुकट होतं, आणि ही गोष्ट लहान नाही. २०१२ च्या जुलैत ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आपण नव्हतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली तेव्हा बुलडाण्याला आली. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत आपलं नाव असल्यामुळे पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही लाभ मिळाला. जुलै २०२४ पासून तर रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच मिळू लागलं; तेव्हा त्यात १,३५६ उपचार होते. आधी कवच दीड लाखाचं होतं. शेत गहाण टाकून बायपास करणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून या योजनेचं मोल मी जाणतो.

तरीही क्रम चुकला असं मला वाटतं. हे कार्ड माणूस खाटेवर पडला की कामाला येतं. त्याच्या आधीची पंधरा वर्षं, म्हणजे रोजची गोळी, सहा महिन्यांनी एक तपासणी, एसटीचं तिकीट, यांतलं काही त्यात बसत नाही. पैसा अपुरा असलेल्या देशाने आरोग्याचं कवच वाढवताना आधी काय घ्यावं, यावर जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१४ साली एक अहवाल दिला. त्यांचं म्हणणं असं, की अत्यावश्यक सेवा सगळ्यांच्या दारात पोचण्याआधी थोड्यांसाठी महागड्या सेवा वाढवत नेणं अन्यायाचं आहे, आणि सुरुवात सगळ्यांत मागे राहिलेल्यांपासून व्हावी. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक आरोग्यसेवेवर खर्चावा, असं लिहिलेलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरापासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. पण दवाखाना फुकट असून गोळ्या संपलेल्या असतील, तर बाई चिठ्ठी घेऊन मेडिकलवरच जाते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांवरून तर मेडिकलही कोसभर लांब.

मग डायलिसिसचा खर्च थांबवून तो पैसा गोळ्यांवर लावायचा का? ओसरीवर बसून हा प्रश्न मनात आला आणि मलाच त्याची लाज वाटली. थायलंडला हाच पेच पडला होता. २००२ साली त्यांनी तीस बाथमध्ये सगळ्यांवर उपचार सुरू केले, तेव्हा डायलिसिस मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण ते परवडणारं नव्हतं. हिशेबाने पुढेही ते परवडत नव्हतंच. पण जमीन विकून मरणाऱ्यांकडे पाठ फिरवणं त्यांना जमलं नाही, आणि २००८ मध्ये त्यांनी ते योजनेत घेतलं. योजना सुरू होण्याआधीच्या वीसेक वर्षांत मात्र त्यांनी तालुक्याचे दवाखाने आणि गावाची आरोग्यकेंद्रं उभी केली होती. त्यांचा हा क्रम मला पटतो. आजारी पडलेल्यांचा हात सोडायचा नाही, आणि नव्याने येणारा प्रत्येक रुपया आधी उपकेंद्राकडे वळवायचा.

आपल्याकडे रुपया गाजावाजा होतो तिकडे वळतो. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगण्याच्या लोकांचे केस चार दिवसांत हातात येऊ लागले. जानेवारीत दिल्लीहून आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे, मातीचे, रक्ताचे नमुने गेले. यायलाच हवी होती ती पथकं. टक्कल पडलेल्या पोरीला शाळेत पाठवणाऱ्या आईचं दुःख खरं होतं. पण त्याच पट्ट्यात किडनीने हळूहळू जाणारी माणसं कित्येक वर्षं आहेत. ती एकेक करून जातात, म्हणून कॅमेरा येत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलडाण्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मुलांना पहिल्याच वर्षी खारपाणपट्ट्यातल्या गावांत पाठवून तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन मोजून घ्यावं, अशी आमची जाहीर मागणी आहे. वाचकांकडेही एक मागणं आहे. पुढच्या ग्रामसभेत समाजमंदिर आणि पेव्हर ब्लॉकच्या आधी एवढं विचारा, की उपकेंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस पुरतील एवढ्या आहेत. आशाताईंना ठाऊक असतं. त्यांना सभेत बोलू द्या.

निघताना घरधन्यांनी लाडवांची पुडी हातात दिली. लक्ष्मीपूजन यंदा नेमकं त्यांच्या मशीनच्या दिवशी येतं. त्या दिवशी डायलिसिस चालू राहील ना, हे दवाखान्यात, आणि पहाटेची एसटी सुटेल ना, हे खामगावच्या डेपोत, एवढं फोन करून विचारून ठेवा, म्हणाले.