जिव्हेवांचून जेवण

ज्यास अन्न गिळतां येत नाहीं त्यास तें नळीवाटे देतात, हें ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, अशा मनुष्याच्या बाबतींत पथ्यापथ्याचा प्रश्न कायमचा मिटला. जिभेस चव लागत नाहीं, मग दूध काय आणि पेज काय, सर्व सारखेंच! ही समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते, आणि ती अगदीं चुकीची आहे. नळी चुकविते ती जीभ व घसा. जठर आणि आंतडीं जागच्या जागींच असतात. ज्या आंतड्यांस दूध सोसत नाहीं, त्यांस तें पेल्यांतून आलें कीं नळींतून आलें याची पर्वा नसते.

माझें म्हणणें याहूनही पुढचें आहे. न मानवणारें अन्न नळीनें जेवणाऱ्यास आपणांपेक्षां अधिक जाचतें. आपल्या शरीराच्या दारावर जीभ, नाक आणि घसा असे तीन द्वारपाल बसलेले असतात. नकोसा घास मूल थुंकून टाकतें, ताट दूर लोटतें, ओठ घट्ट मिटून घेतें. आईनें किती डोळे वटारले तरी शेवटचा शब्द त्याचाच असतो. नळीस ओठ नाहींत. वरून ओतलें तें आंत जातेंच. म्हणून नळीचें तोंड ज्याच्या हातांत असेल त्यानेंच द्वारपाल व्हावयास हवें, आणि ज्याच्या पोटांत अन्न जावयाचें त्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावयास हवें.

पोटास स्वतःचें मत असतें, ही गोष्ट एका अपघातामुळें शास्त्रज्ञांस प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावयास मिळाली. १८२२ सालीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास बंदुकीचा बार लागून जठरास भोंक पडलें. जखम भरली तरी भोंक बुजलें नाहीं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें पुढें अनेक वर्षें रेशमी दोऱ्यास मांसाचे, पावाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोंकांतून आंत सोडले, कोणता पदार्थ किती वेळांत जिरतो हें पाहिलें, आणि १८३३ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रागाच्या भरांत पचन बिघडतें, अशीही नोंद त्यानें करून ठेविली. (प्रयोगांस कंटाळून सेंट मार्टिन एकाहून अधिक वेळां निघून गेला, आणि त्यांत मला त्याचा दोष दिसत नाहीं.) पुढें १८४९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें सेदियो या शस्त्रवैद्यानें मनुष्याच्या जठरास मुद्दाम असें द्वार पाडून पाहिलें, रोगी वाचला नाहीं. आज सर्वत्र रूढ असलेली, पोट न फाडतां दुर्बिणीच्या साह्यानें जठरांत नळी बसविण्याची रीत १९७९ सालीं क्लीव्हलंड येथें गॉडरर व पॉन्स्की या डॉक्टरांनीं प्रथम योजिली, आणि तीही एका साडेचार महिन्यांच्या बालकावर.

नळीची रीत अशी सुधारत गेली. नळींत काय ओतावें याचा विचार मात्र घरोघर तितक्या आस्थेनें होत नाहीं. आपल्याकडे आजाऱ्यास पातळ अन्न द्यावयाचें म्हटलें कीं हात प्रथम दुधाच्या पातेल्याकडे जातो. दूध पौष्टिक आहे, वाटावें लागत नाहीं, गाळावें लागत नाहीं. परंतु दुधांतील साखर, जिला दुग्धशर्करा म्हणतात, ती फोडण्यास लहान आंतड्यांत लॅक्टेज नांवाचें पाचकद्रव्य लागतें. तान्हेपणीं तें भरपूर असतें. बाळपण सरतां सरतां जगांतील बहुसंख्य माणसांत तें कमी होत जातें. भारतांत वायव्येकडील लोकांत हा उणेपणा कमी व दक्षिणेकडे अधिक आढळतो. न फुटलेली साखर मोठ्या आंतड्यांत उतरली म्हणजे पाणी ओढून घेते, तेथील जंतु तिच्यापासून वायु व आम्ल तयार करतात, आणि पोट फुगणें, कळा येणें, जुलाब होणें हा सर्व प्रकार सुरू होतो. तोंडानें पिणारा दोन घोट घेऊन थांबतो. नळीनें मात्र पेलाभर दूध पाहतां पाहतां आंत गेलेलें असतें.

येथें एक भेद पालकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. दुग्धशर्करा न सोसणें निराळें आणि दुधांतील प्रथिनांची ॲलर्जी निराळी. पहिल्या प्रकारांत त्रास मात्रेवर अवलंबून असतो. थोडें चालतें, पुष्कळ चालत नाहीं. दुसऱ्यांत शरीराची संरक्षक सेनाच दुधावर उठते, आणि एखादा चमचाही अंगावर गांधी, ओकारी, क्वचित् श्वास कोंडणें येथवर मजल नेऊं शकतो. ‘लॅक्टोज नाहीं’ एवढें डब्यावर वाचून निर्धास्त होऊं नये. त्याच डब्यांत दुधाचें प्रथिन पुष्कळदां असतें.

तरीही प्रत्येक जुलाबाचें खापर दुधावर फोडणें बरें नव्हे. अन्न फार वेगानें सोडलें, तें उघडें राहून नासलें, किंवा प्रतिजैविकें चालू असलीं, तरी तेंच होतें. पुष्कळ गोड पातळ औषधांत सॉर्बिटॉल असतें. तेंही पोट ढाळतें, आणि नळीच्या रोग्यास औषधें बहुधा पातळच देतात. हें न पाहतां घरचीं माणसें आज दूध बंद, उद्यां डाळ बंद, परवां अंडें बंद, असें करीत जातात, आणि मूल मात्र हाडांचा सांपळा होतें. त्यापेक्षां एक वही करावी. एका वेळीं एकच नवा पदार्थ, तोही थोडा. दोन-चार दिवस वाट पाहून मगच दुसरा. पदार्थ, माप, वेळ, आणि पोटानें काय उत्तर दिलें, हें सर्व वहींत लिहावें. ती डॉक्टरांपुढें व आहारतज्ज्ञांपुढें ठेवावी, आणि त्यांच्या सल्ल्यावांचून कोणताही मुख्य पदार्थ कायमचा काढूं नये. ॲलर्जीचा संशय असलेला पदार्थ मात्र घरीं आजमावून पाहूंच नये.

ज्यांस साधें प्रथिनच सोसत नाहीं त्यांच्यासाठीं तें आधींच फोडलेलें, किंवा थेट अमिनो आम्लांपर्यंत नेलेलें अन्न बाजारांत मिळतें. अशा अन्नावर अंतराळयात्री जगूं शकेल काय, याविषयींचा अभ्यास १९६५ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत आला होता. अन्न उत्तम खरें, पण किंमत पाहून शिक्षकाचे डोळे पांढरे व्हावेत! सुदैवानें घरचें अन्नही कांहीं मुलांस अधिक मानवतें. अमेरिकेंतील सिन्सिनाटी येथें जठराची एक शस्त्रक्रिया झाल्यावर ओकारीच्या उबळींनीं बेजार झालेल्या ३३ मुलांस साधें अन्न वाटून नळीनें दिलें, तेव्हां निम्म्याहून अधिक मुलांचा त्रास तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक उणावला. हा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या नाचणीचेंच पाहा. भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेल्या पिठांत असें पाचकद्रव्य तयार झालेलें असतें कीं पेज घट्ट होत नाहीं. म्हणून पाणी न वाढवितां अधिक अन्न नळींतून उतरतें, आणि दुधाचा थेंबही लागत नाहीं. नाकांतील बारीक नळींत मात्र घरचें वाटण घालूं नये, ती तुंबते. नळीचें माप पॅरिसचा कारागीर शारिएर याच्या ‘फ्रेंच’ मापानें सांगतात. १२ फ्रेंच म्हणजे बाहेरून अवघी ४ मिलिमीटर, आणि आंतली वाट त्याहूनही अरुंद.

आतां शाळेविषयीं, कारण हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच. नळी असलेलें मूल शाळेंत आलें कीं, मधल्या सुट्टींत त्यास वेगळ्या खोलींत न्यावें, म्हणजे इतर मुलांस किळस येणार नाहीं आणि त्यासही संकोच होणार नाहीं, असें वडीलधारीं माणसें सुचवितात. हेतु चांगला असेल. मला हें मत मान्य नाहीं. जेवणाच्या सुट्टींत मुलें केवळ जेवत नाहींत. पेपर कोणास कठीण गेला, कोणाच्या घरीं मांजरीस पिलें झालीं, आदल्या दिवशीं सामन्यांत कोणीं झेल सोडला, हें सर्व त्या वीस मिनिटांत ठरतें. पोटांत अन्न गेलें आणि हें गेलें नाहीं, तर तें मूल उपाशीच राहिलें असें मी समजतों. मुलांचें कुतूहल पहिल्या दिवशीं असतें. आठवड्यानें त्यांस नळीपेक्षां शेजाऱ्याच्या डब्यांतील लोणचें अधिक महत्त्वाचें वाटतें. ज्या मुलास एकांतच हवा असेल त्यास तो अवश्य द्यावा. पण विचारावें त्यास, ठरवून टाकूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, अशा सोबत्यास ‘एवढेसें घे, कांहीं होत नाहीं’ असा आग्रह करूं नका. वाढदिवसाचें चॉकलेट त्याच्या नांवानें घरीं पाठवूं नका. वाटण्याचें काम त्याच्याकडे द्या. नळीस व सिरिंजला हात लावूं नका, तें काम ज्यास शिकविलें आहे त्याचेंच. आणि पालकांनीं शाळेकडे केवळ डबा पाठवून थांबूं नये. काय चालतें, काय मुळींच चालत नाहीं, किती वेळांत सोडावयाचें, आधीं व मागून किती पाणी, ओकारी झाली तर कोणास बोलवावें, हें एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावें, आणि औषध वा अन्न बदलेल त्या दिवशीं तो कागदही बदलावा. वर्गशिक्षक आजारी पडून दुसरे कोणी आले, तर त्यांच्या हातीं तेवढाच एक आधार असतो.

बसण्याची जागा खिडकीजवळची द्यावी. मुलास पाठ टेकून ताठ बसतां येतें, जेवणानंतरही कांहीं वेळ तसेंच राहतां येतें, आणि गजास दोरी बांधून अन्नाची पिशवी टांगतां येते.